इंग्लंडच्या खेड्यातील जुने कॉटेज विकत घेताना
कॉटेज कितीही मनात भरले, तरी किंमत बोलण्याआधी ते ‘लिस्टेड’ (वारसा म्हणून कायद्याने संरक्षित) आहे का, हे हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी वारसा संस्थेच्या यादीत पाहावे. कारण अशा घराच्या स्वरूपाला बाधा आणणारे फेरफार परवानगीविना करणे १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे आणि आधीच्या मालकाने बसवलेल्या प्लास्टिकच्या खिडक्या काढण्याचा भुर्दंड नव्या मालकावर पडू शकतो. मग लेव्हल ३ सर्वेक्षण (तज्ज्ञाने केलेली घराची सर्वांत सखोल तपासणी) करून घ्यावे. स्वतः गेल्यावर दगडांच्या सांध्यांवर नख ओढावे: जुना चुना थोडा भुगा होऊन निघतो, सिमेंट हलत नाही. चुना भिंतीतील ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते. रंगाखाली ओल झाकलेली असू शकते, म्हणून नुकत्याच रंगवलेल्या खोलीचा मला तरी संशयच येतो. खरेदीदार आणि विक्रेता यांच्यात सही केलेल्या करारांची अदलाबदल होईपर्यंत व्यवहार सहसा बंधनकारक नसतो, त्यामुळे दोष आढळल्यास किंमत खुशाल कमी करून मागावी.