रॅपरला सिनेमात जायचं असेल तर आइस क्यूबचं करिअर असं वाच

2019 ला गल्ली बॉय आला आणि तेव्हापासून कुर्ला म्हणा, धारावी म्हणा, विक्रोळी, कळवा, जिथं कुठं चार पोरं सायफरला, म्हणजे गोल करून आळीपाळीनं रॅप करायला, उभी राहतात तिथं एकाच्या तरी डोक्यात सिनेमा असतोच. असायलाच पाहिजे, मुंबईत राहून नाही तर कुठं असणार. पण बहुतेकांचा प्लॅन एवढाच असतो की एक गाणं व्हायरल होईल आणि मग कास्टिंगवाले शोधत येतील. तसं होत नाही भावा. ज्या माणसावर एकेकाळी अमेरिकेची तपास यंत्रणा एफबीआय चिडली होती आणि जो पुढे लहान पोरांच्या कॉमेडी पिक्चरमध्ये हिरो झाला, त्या अमेरिकन रॅपर आइस क्यूबचं करिअर मांडी घालून नीट वाच, त्यात अख्खा रस्ता आहे. कसं वाचायचं आणि मुंबईत त्याचं काय करायचं ते सांगतो.

पहिली गोष्ट, तो आधी लेखक आहे. खरं नाव ओशे जॅक्सन, जन्म 1969, लॉस एंजेलिस. शाळेत असताना टायपिंगच्या क्लासमध्ये मित्रानं चॅलेंज दिलं आणि यानं पहिलं रॅप लिहिलं. त्याच्या एन.डब्ल्यू.ए. या रॅप ग्रुपमध्ये साथीदार ईझी-ई जे गायचा त्यातलं बरंचसं याच्या वहीतून आलेलं, म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा दुसऱ्याच्या तोंडात शोभेल असं लिहीत होता. आता हे काम काय आहे बघ, हे डायलॉग रायटिंगच आहे. दुसरा माणूस कसा बोलेल, कुठं थांबेल, कुठली शिवी देईल आणि कुठली नाही देणार, हे कळल्याशिवाय जमत नाही. म्हणून आजपासून एक सवय लाव. स्वतःबद्दल लिहिणं महिनाभर बंद. नाक्यावरच्या पानवाल्याच्या तोंडून सोळा बार, म्हणजे रॅपच्या सोळा ओळी, लिही, मग बिल्डिंगच्या वॉचमनच्या, मग ज्या मावशी सकाळी सहाच्या लोकलनं क्रॉफर्ड मार्केटला माल आणायला जातात त्यांच्या. त्या मावशी मी काय चीज आहे असं कधीच म्हणणार नाहीत, त्या भाव सांगतील, गुडघा दुखतो सांगतील, सुनेबद्दल बोलतील. ते लिहिता आलं की तुला कॅरेक्टर लिहिता येतं आणि कॅरेक्टर लिहिता येतं त्याला ते उभं करायलाही सोपं जातं.

दुसरी गोष्ट कागद. यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे कारण इथंच आपली पोरं कापली जातात.

एन.डब्ल्यू.ए.चा स्ट्रेट आउटा कॉम्प्टन अल्बम रेडिओवर वाजत नसताना 1989 मध्ये प्लॅटिनम झाला, म्हणजे दहा लाख कॉपी, आणि ज्यानं त्यातली गाणी लिहिली त्याच्या हातात मात्र फारसं काही आलं नाही. क्यूब सांगतो की मॅनेजरनं करारावर सही करायला 75 हजार डॉलरचा चेक पुढे केला आणि हा म्हणाला आधी माझ्या वकिलाला दाखवतो. वय वीस! समोर चेक, बाकीचे मित्र सही करून मोकळे, आणि हा थांबला. त्याच वर्षाच्या शेवटी ग्रुप सोडला, न्यूयॉर्कला जाऊन पब्लिक एनिमी या रॅप ग्रुपच्या प्रोड्यूसरांबरोबर काम केलं आणि 1990 मध्ये स्वतःचा पहिला सोलो अल्बम काढला. माझ्या मते त्याचं करिअर कुठल्या पिक्चरनं नाही तर त्या न केलेल्या सहीनं घडलं.

आता तुझ्याकडं कोणी लेबलवाला किंवा प्रोडक्शनवाला ॲग्रीमेंट घेऊन आला तर दोन शब्द शोध. एक म्हणजे कायमस्वरूपी, आणि दुसरं म्हणजे सगळीकडे, कधी कधी तर चक्क संपूर्ण विश्वात असं लिहिलेलं असतं. ते का लिहितात? कारण आपल्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की किती वर्षांसाठी ते लिहिलंच नसेल तर हक्क पाच वर्षांसाठीच दिले असं धरतात आणि कुठल्या भागासाठी ते लिहिलं नसेल तर भारतापुरतेच. म्हणून तुझा वकील ते खोडायला सांगेल, निदान आकडा घालायला सांगेल. आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा सही करूनही सोडता येत नाही, थिएटरमध्ये सिनेमासोबत वाजतं तेवढं सोडून बाकी सगळीकडे तो वाटा तुझाच. समोरचा म्हणाला की एकदम पैसे घे आणि विसर, तरी कायदा विसरत नाही. पण तो वाटा घरबसल्या येत नाही, त्यासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं मेंबर व्हावं लागतं आणि गाणी तिथं आपल्या नावावर नोंदवावी लागतात. मेंबरशिपचा फॉर्म भरायला जो कंटाळा येतो ना, तो कंटाळा लोकांना लाखांना पडलेला आहे.

आता कॉन्ट्रोव्हर्सी. यात दोन वेगळे प्रकार आहेत आणि ते वेगळे करता आलेच पाहिजेत.

एन.डब्ल्यू.ए.च्या पोलिसांवर राग काढणाऱ्या एका गाण्यामुळं 1989 मध्ये एफबीआयच्या एका अधिकाऱ्यानं रेकॉर्ड कंपनीला पत्र पाठवलं. क्यूबनं जे लिहिलं होतं ते त्याच्या एरियात रोज घडत होतं, गाडी थांबवणं, भिंतीला लावणं, झडती. तो राग वरच्याकडे होता, ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्याकडे. असा राग आपल्या भाषेला नवीन नाही. 1972 मध्ये नामदेव ढसाळांचं गोलपिठा हे कवितांचं पुस्तक आलं, विजय तेंडुलकरांची प्रस्तावना असूनही पांढरपेशा वाचकाला ते पचवायला जड गेलं, आणि आज ते वाचल्याशिवाय मराठी कविता कळते असं कोणी म्हणू शकत नाही. मुंबईत बसून शिव्या घालून लिहिणार असशील तर आधी गोलपिठा वाच, प्लीज, त्यात प्रत्येक घाणेरडा शब्द कामाला लावलेला आहे.

दुसरा प्रकार 1991 चा, क्यूबचा डेथ सर्टिफिकेट अल्बम. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये लटाशा हार्लिन्स या पंधरा वर्षांच्या मुलीला ज्यूसच्या बाटलीवरून झालेल्या भांडणात एका कोरियन दुकानदार बाईनं गोळी घातली. राग यायलाच पाहिजे. पण क्यूबनं गाण्यात अख्ख्या कोरियन लोकांना धरलं, दुकानं जाळायची भाषा केली, दुसऱ्या एका गाण्यात जुन्या मॅनेजरच्या ज्यू असण्यावर गेला. बिलबोर्ड मासिकानं संपादकीयात झोडलं, कोरियन दुकानदारांनी तो ज्या दारूची जाहिरात करायचा तिच्यावर बहिष्कार टाकला, शेवटी त्याला त्यांच्या संघटनेची माफी मागावी लागली. आणि बायकांबद्दल त्या काळात त्यानं जे लिहिलंय ते तर आज ऐकवत नाही, ते त्याचं कौतुक म्हणून कॉपी करू नकोस. आपल्याकडे भैया, मद्रासी, अमुक जातवाले असं घातलं की सायफरमध्ये शिट्ट्या मिळतात. मिळू देत. एका माणसाचा गुन्हा त्याच्या पूर्ण समाजावर टाकणारी ओळ काढून टाक, ती धाडसाची ओळ नाहीच. ती शेजारच्या खोलीत राहणाऱ्या गरिबाला लागते, वरच्याला काही होत नाही.

आणि वरच्यावर लिहिणार असशील तर तयारीनं लिही. 2023 मध्ये महाराष्ट्रात मराठी रॅपरांवर सरकारविरोधी गाण्यांवरून गुन्हे दाखल झाले होते, त्यातला एक आपल्या मुंबईचाच होता. म्हणून असं गाणं टाकायच्या आधी एखाद्या वकिलाला ऐकव, त्याचा नंबर घरच्यांकडे देऊन ठेव, आणि गाण्यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे का ते तपास.

आता ॲक्टिंग. बॉइझ एन द हूड, 1991, दिग्दर्शक जॉन सिंगलटन, तेव्हा तेवीस वर्षांचा पोरगा आणि हाच पिक्चर करून ऑस्करला बेस्ट डायरेक्टरचं नॉमिनेशन मिळवणारा सगळ्यात तरुण. क्यूबला त्यानं डोबॉयचा रोल दिला. पहिली ऑडिशन वाईट गेली कारण साहेबांनी स्क्रिप्ट नीट वाचलीच नव्हती, सिंगलटननं परत पाठवलं, वाचून ये म्हणाला. तर स्क्रिप्ट वाचून जा हे मी वेगळं सांगत नाही.

त्या पिक्चरचा शेवट तीन-चार वेळा बघ, आवाज बंद करून बघ. भाऊ मेलाय, रात्री बदला घेऊन झालाय, सकाळी डोबॉय मित्राच्या घराच्या पायरीवर येऊन बसतो आणि बोलतो की टीव्हीवर बाहेरच्या देशातल्या हिंसाचाराच्या बातम्या दाखवल्या, माझ्या भावाचं काहीच नाही. ओरडत नाही. हात हलवत नाही. बाटलीतली दारू जमिनीवर ओततो आणि रस्ता ओलांडून चालायला लागतो. गाण्यात जो माणूस एक श्वास रिकामा सोडत नाही तोच इथं मधेच थांबतो, खाली बघतो, आणि त्या थांबण्यातच सगळं आहे.

रॅपरच्या ऑडिशनमध्ये नेमकं हेच फसतं. हात आपोआप बीटवर जातात, मान हलते, डोळे लेन्समध्ये घुसतात कारण गाण्याच्या व्हिडिओची सवय असते, आणि समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपलं सुरू होतं. यावर उपाय साधा आहे. मित्राला समोर बसव, खुर्चीखाली हात दाबून ठेव, त्याचं वाक्य पूर्ण ऐक, मनात एक मोज आणि मग बोल. मोबाईल आडवा, साधी भिंत, पंखा बंद, रेकॉर्ड कर. लाज वाटेल, करत राहा. शिवाय एखाद्या कॉलेजच्या किंवा मंडळाच्या एकांकिकेत घुस, छोटा रोल का असेना, पाणी भरायला का ठेवेनात. मुंबईत ही फुकटची ॲक्टिंग स्कूल आहे, दर वर्षी स्पर्धा असतात, आणि तालमीत चाळीस वेळा तेच वाक्य बोलताना जे कळतं ते महागड्या वर्कशॉपमध्ये कळत नाही.

मग वर्सोव्याच्या आराम नगरला जा. गल्लीबोळात बंगले, बंगल्यात कास्टिंग ऑफिसं, बाहेर लाइन. आत नाव, वय, उंची, डावी प्रोफाइल, उजवी प्रोफाइल, मग सीन. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. रजिस्ट्रेशन, पोर्टफोलिओ, कार्ड बनवून देतो, या नावानं कोणी पैसे मागितले की उठून ये, दारातूनच. आणि तिथं तुला टपोरी, शूटर, नंबर दोनच्या भाईचा माणूस हेच रोल मिळतील, आधीच सांगतो. पहिला घे. दुसऱ्याच्या वेळी मात्र विचार, या माणसाला घर आहे का, त्याला कोणी आई, बहीण, मित्र आहे का स्क्रिप्टमध्ये? डोबॉय गुंड आहे पण त्याची आई दुसऱ्या भावावर जास्त प्रेम करते हे त्याला माहीत आहे, त्यामुळे तो माणूस वाटतो.

तेच तेच रोल येत राहिले तेव्हा क्यूबनं काय केलं, तर लिहायला बसला. सिंगलटननं त्याला सांगितलेलं की तू गाणं लिहू शकतोस म्हणजे पिक्चर पण लिहू शकतोस. डीजे पूह या म्युझिक प्रोड्यूसरबरोबर त्यानं फ्रायडे लिहिला, 1995 मध्ये आला, बजेट साधारण 35 लाख डॉलर, हॉलिवूडच्या मानानं चिल्लर, आणि अमेरिकेतच 2 कोटी 70 लाखांच्या आसपास धंदा. गोष्ट काय, दोन मित्र, एक दिवस, घराचा ओटा आणि समोरची गल्ली. एरिया तोच, गोळी चालणारा, पण लोक हसतायत, उधार मागतायत, शेजारणीकडे बघतायत. त्याच्या एरियात हसूही आहे हे त्यानं स्वतः लिहिलं तेव्हाच पडद्यावर आलं, दुसऱ्या कोणी लिहून दिलं नसतं. मला त्याच्या सगळ्या कामात हे सगळ्यात मोठं वाटतं.

तुझ्याकडे चाळीची गॅलरी आहे, पाण्याची वेळ आहे, गणपतीची वर्गणी आहे. एक दिवस, एक जागा, चार माणसं, वीस पानं लिही. स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं मेंबर होऊन ऑनलाइन रजिस्टर कर आणि मगच कोणाला पाठव, व्हॉट्सॲपवर पीडीएफ फिरवत बसू नकोस.

पुढचं पटकन सांगतो. 1998 मध्ये द प्लेयर्स क्लब स्वतः दिग्दर्शित केला, 1999 मध्ये थ्री किंग्जमध्ये जॉर्ज क्लूनीबरोबर, 2002 बार्बरशॉप, 2005 आर वी देअर येट, तो लहान पोरांचा. 2012 च्या 21 जंप स्ट्रीटमध्ये तर चिडका पोलीस कॅप्टन झाला, तीच कपाळावरची आठी, फक्त आता हसवायला. आइस-टी या दुसऱ्या रॅपरचं तर आणखी पुढचं, 1992 मध्ये पोलिसांविरुद्धच्या कॉप किलर गाण्यावरून अमेरिकाभर गोंधळ झाला आणि 2000 पासून तो टीव्हीवर लॉ अँड ऑर्डरमध्ये पोलीस डिटेक्टिव्ह आहे. लोक याला विकला गेला म्हणतात, मला नाही पटत. ज्यानं स्वतःचे कागद सांभाळले त्याला कुठला रोल करायचा ते ठरवता येतं, एवढंच.

2015 मध्ये एन.डब्ल्यू.ए.वर पिक्चर आला तेव्हा क्यूब त्याचा एक प्रोड्यूसर होता आणि त्याचा रोल त्याच्याच मुलानं केला, जगभरात 20 कोटी डॉलरच्या वर कमाई. म्हणून तुमचा ग्रुप आज चौघांचा असेल तर याच रविवारी बसा आणि एका पानावर लिहा: कुठलं गाणं कोणी लिहिलं, बीट कोणाची, ग्रुपचं नाव कोणाचं, कोणी सोडून गेला तर जुन्या गाण्यांचे पैसे कसे वाटायचे. चौघांच्या सह्या, तारीख, प्रत्येकाकडे एक कॉपी. मूळ रेकॉर्डिंग दोन हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्याच्या घरी. हे मैत्री चांगली असतानाच करायचं.