सी मधे कास्ट टाकून वॉर्निंग गप्प करताय? आधी हे बघा

सीमधे वॉर्निंग आली की बरेच जण पुढे कंसात टाईप लिहून मोकळे होतात, वॉर्निंग जाते पण बग तिथेच राहतो. कास्ट म्हणजे तुम्ही कंपायलरला सांगताय "मला माहितीये, तू गप्प बस", त्यामुळे खरंच माहिती असेल तरच टाका.

सुरुवातीला जीसीसी किंवा क्लँग या कंपायलरला ऑल आणि एक्स्ट्रा (-Wall, -Wextra) हे दोन्ही वॉर्निंग फ्लॅग द्या. कन्व्हर्जनवाला फ्लॅग (-Wconversion, टाईप बदलताना व्हॅल्यू बिघडू शकते तिथे सांगणारा) या दोन्हीत येत नाही, तो वेगळा द्यावा लागतो. जुन्या प्रोजेक्टवर लावलात तर वॉर्निंगचा पूर येईल, म्हणून एकेक फाईल घ्या.

आता साइन्ड (ऋण आकडेही मावतात तो) आणि अनसाइन्ड (फक्त शून्य आणि पुढचे) टाईपची तुलना. रीड फंक्शनने एरर म्हणून -१ दिला आणि तुम्ही तो थेट साइझऑफच्या (बाइटमधला आकार, अनसाइन्ड) उत्तराशी तपासला तर -१ चं अनसाइन्ड होऊन प्रचंड मोठा आकडा बनतो आणि "लहान आहे का" ची कंडिशन खोटी ठरते. इथे नुसता कास्ट मारलात तरी तेच होणार, फक्त गुपचूप. आधी शून्यापेक्षा कमी आहे का ते बघा, एरर हाताळा, मग साइझ_टी (आकारासाठीचा अनसाइन्ड टाईप) मधे कास्ट करा, तो कास्ट चालतो.

दुसरं म्हणजे कास्टची जागा. ३२-बिटचे दोन आकडे गुणून ६४-बिटमधे ठेवायचेत तर गुणाकाराला कंस घालून बाहेर कास्ट टाकायचा काही उपयोग नाही, ओव्हरफ्लो (उत्तर ३२ बिटमधे न मावणं) आतच होऊन गेला. गुणायच्या आधी एका आकड्याला ६४-बिटमधे कास्ट करा, दुसरा आपोआप रुंद होतो. आणि गंमत म्हणजे या चुकीवर कन्व्हर्जनवाला फ्लॅगसुद्धा काही बोलत नाही, कारण लहानातून मोठ्यात जाणं त्याला सेफ वाटतं.

रजिस्टर नाहीतर पॅकेटवाल्या कोडमधे सगळ्यात जास्त छळतं ते इंटिजर प्रमोशन, म्हणजे छोट्या टाईपचा हिशेबात आपोआप इंट होणं. ८-बिट अनसाइन्ड बाइट २४ ने डावीकडे शिफ्ट केलात की आधी त्याचा साइन्ड इंट होतो (बहुतेक ठिकाणी ३२-बिटचा), मग बाइट १२८ किंवा जास्त असेल तर साइन बिटलाच (धन-ऋण ठरवणारा सगळ्यात वरचा बिट) हात लागतो, म्हणजे अनडिफाइन्ड बिहेवियर (काय होईल याची सी काहीच हमी देत नाही), आणि ते पुढे ६४-बिटमधे टाकलं की सहसा वरचे सगळे बिट एक झालेले दिसतात. शिफ्टच्या आधी ३२-बिट अनसाइन्डमधे कास्ट करा. टिल्डेचंही (~, सगळे बिट उलटवणारं चिन्ह) असंच, ८-बिटमधल्या १५ वर टिल्डे मारून २४० शी तुलना केली तर जुळत नाही, उत्तर -१६ येतं, तिथे निकालावर परत ८-बिटचा कास्ट हवाच.

पॉइंटर आकडा म्हणून ठेवायचा तर यूइंटपीटीआर_टी (uintptr_t, पत्ता मावेल असा अनसाइन्ड टाईप) वापरा, इंट नको, ६४-बिट मशीनवर अर्धा पत्ता कापला जातो. साध्या चार (char) टाईपवर तर भरवसाच ठेवू नका, एक्स८६ प्रोसेसरवर तो सहसा साइन्ड असतो आणि एआरएम लिनक्सवर अनसाइन्ड, बाइट हवा असेल तर अनसाइन्ड चार (unsigned char) असं स्पष्ट लिहा.

एवढं करूनही कास्ट लागलाच तर वर एका ओळीची कमेंट टाका की व्हॅल्यूची रेंज कुठे तपासली आहे. ती ओळ लिहिता येत नसेल तर बहुतेक वेळा व्हेरिएबलचा टाईपच चुकीचा निवडलाय, तो बदला.