ऑटो हब तपासताना या चुका टाळा: दिवा लागला म्हणजे चाक लागलं असं नाही

जुलैत काटोलकडच्या एका संत्र्याच्या बागेत माझी जुनी फोर व्हील पिकअप काळ्या मातीत बसली. डॅशबोर्डवर फोर व्हीलचा दिवा ऐटीत लागलेला, मागची चाकं चिखल उडवतायत आणि पुढची दोन्ही ढिम्म. शेवटी ट्रॅक्टर बोलवावा लागला. घोळ ऑटो हबचा निघाला, म्हणजे फोर व्हील टाकल्यावर पुढचं चाक आपोआप त्याच्या शाफ्टला (चाक फिरवणाऱ्या दांड्याला) जोडणाऱ्या भागाचा.

पहिली चूक तीच, दिव्यावर भरवसा. त्या दिव्याचा स्विच ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर असतो. गिअर पडला एवढंच तो सांगतो. चाकावरचं हब लॉक झालं का, याचा त्याला पत्ताच नसतो. आणि साधं डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच) असेल तर एक हब बिघडलं तरी दोन्ही चाकं गेली, कारण मोकळा शाफ्टच नुसता फिरत बसतो.

नागपुरात आता गल्लोगल्ली सिमेंट रोड. घरासमोर फोर व्हील टाकून गोल चक्कर मारून पाहणारे मी रोज पाहतो. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं. कोरड्या रस्त्यावर टायर घसरत नाही, मग सगळा ताण शाफ्टमध्ये साठतो आणि हब सुटायचं नाव घेत नाही. मुरमाचं मैदान किंवा ओलं शेत गाठा.

खरी तपासणी घरीच होते. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढचा भाग जॅकनं उचलून खाली घोडी (लोखंडी स्टँड) द्या. नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालायचा नाही म्हणजे नाही. इंजिन बंद, गिअर टू हायमध्ये, म्हणजे फक्त मागची चाकं चालवणाऱ्या नेहमीच्या जागी. चाक हातानं फिरवा, आतला शाफ्ट जागचा हलता कामा नये. बरेच जण इथंच थांबतात. आता शाफ्ट फिरवा: थोडा फिरताच ‘टक्’ होऊन चाक सोबत यायला हवं. किंचित उलटा फिरवला की सुटायला हवं. आणखी फिरवलं तर उलट्या दिशेनं पुन्हा धरेल, तो बिघाड नव्हे. दोन्ही बाजूंना करा. (व्हॅक्यूमवर चालणारं हब असेल तर ही परीक्षा लागू नाही, आधी त्याचे पाइप चिरलेत का ते पाहा.)

माझं उजवं हब धरतच नव्हतं. खोललं तर आत थंड पिठल्यासारखं घट्ट बेअरिंग ग्रीस, मीच मोठ्या हौसेनं ठासलेलं! त्यात सरकणारी रिंग सरकणार कशी? रॉकेलनं धुतलं, वाळवलं, ग्रीसचा पातळ हात फिरवला, लागलीच धरलं.

टू हायमध्ये आणल्यावर सरळ २-३ मीटर मागे घ्यायलाही लोक विसरतात. नेमकं अंतर गाडीच्या पुस्तकात पाहा. चाकातून खर्र-खर्र आली तर हब अर्धवट अडकलंय, रेस देऊ नका. मागे घेताना काच खाली ठेवा. शांत जागी ‘टक्’ बहुतेक वेळा ऐकू येतो. दोन्ही हबचे मिळून दोन यायला हवेत. एकच आला तर जॅक परत बाहेर काढा.