मैदानावर उतरण्याआधी पिशवीत काय हवं

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचं वेळापत्रक विद्यापीठाकडून आलं की आमच्या कॉलेजात धावपळ सुरू होते, आणि ती मैदानावर कमी, झेरॉक्सच्या दुकानासमोर जास्त असते. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवते. त्याआधी याच भागातून खो-खो खेळले. दोन्हीकडून पाहून झाल्यावर मला वाटतं की आपली मुलं खेळात हरतात त्यापेक्षा जास्त मैदानापर्यंत पोचण्याआधीच गळतात. कुणाचा कागद अडतो, कुणाला सोयाबीनच्या सोंगणीमुळे घरून निघता येत नाही, कुणी तापावर भलतंच औषध घेऊन येतं. म्हणून ही यादी जुलैमध्येच वाचायची आहे. स्पर्धा चार दिवसांवर आल्यावर तिचा उपयोग नाही.

सगळ्यात आधी कागद. प्लास्टिकची एक फाईल घ्या आणि तीत दहावीची गुणपत्रिका नि प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, यंदाच्या प्रवेशाची पावती, कॉलेजचं ओळखपत्र, आधार कार्ड, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान आणि सात-आठ पासपोर्ट फोटो ठेवा. मूळ कागद वेगळ्या कप्प्यात, प्रती वेगळ्या. विद्यापीठाचा नामांकन क्रमांक मोबाइलमध्ये आणि वहीच्या शेवटच्या पानावर, दोन्हीकडे लिहून ठेवा. मग दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव, आधारवरचं नाव आणि कॉलेजच्या रजिस्टरमधलं नाव शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. वडिलांचं नाव, आडनावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, सगळं. माझ्या दुसऱ्या वर्षाला माझ्या जन्मतारखेतला महिना एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरा होता. निवड झाली होती, किट मिळाला होता, आणि निघायच्या आदल्या दिवशी नाव कापलं गेलं. चूक कार्यालयातल्या लिहिणाऱ्याची होती, पण ती वेळेत पाहिली नाही ती मी. आधारमधली दुरुस्ती दोन दिवसांत होईलच असं नाही, म्हणून हे काम पोळ्याच्या आत संपलेलं असावं.

पात्रतेचे नियमही स्वतः समजून घ्या. सर किंवा मॅडम पाहतील यावर सोडू नका. विद्यापीठाच्या संघातून पुढे खेळायचं तर भारतीय विश्वविद्यालय संघाचे नियम लागतात. शैक्षणिक वर्षाच्या १ जुलैला वय १७ पेक्षा जास्त आणि २५ पेक्षा कमी हवं. बारावी पास होऊन ८ वर्षांपेक्षा जास्त काळ गेलेला नसावा. अभ्यासक्रम किमान एका शैक्षणिक वर्षाचा, पूर्णवेळ आणि नियमित हवा. पत्रद्वारा शिकणाऱ्याला खेळता येत नाही आणि पूर्णवेळ नोकरी करणाऱ्यालाही नाही. आपल्याकडे हा शेवटचा नियम बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. एमआयडीसीतल्या कंपनीत महिन्याच्या पगारावर रुजू झालेला मुलगा कॉलेजात नाव आहे म्हणून संघात येऊन उभा राहतो आणि पुढे संपूर्ण संघ अडचणीत येतो. एका शैक्षणिक वर्षात दोन विद्यापीठांकडून खेळता येत नाही, त्यामुळे मध्येच कॉलेज बदलायचा विचार असेल तर आधी विचारा. यातलं काहीही लपवू नका. पात्रतेच्या अर्जावर तुमची स्वतःची सही असते.

आता हजेरी. ७५ टक्क्यांची अट खेळाडूसाठी आपोआप सैल होत नाही. स्पर्धेला जाण्याआधी प्रत्येक विषयाच्या शिक्षकांना लेखी अर्ज द्या, सोबत संघनिवडीचं पत्र जोडा आणि परत आल्यावर सहभागाचं पत्र नेऊन दाखवा. हिवाळी सत्राच्या परीक्षा आणि स्पर्धा एकाच सुमाराला येतात, त्यामुळे अंतर्गत चाचणी किंवा प्रात्यक्षिक बुडणार असेल तर त्याची दुसरी तारीख जाण्याआधीच मागून घ्या. परतल्यावर तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. प्रोत्साहन गुणांचा अर्जही मुदतीत द्यावा लागतो; ते आपोआप जमा होत नाहीत.

घरची परवानगी हा कागद नाही, पण तीही तयारीच आहे. दसऱ्याच्या आसपास सोयाबीन सोंगणीला येतं, दिवाळीनंतर कापसाची वेचणी, आणि आपल्या स्पर्धा नेमक्या त्याच दिवसांत. मजूर मिळत नाहीत तेव्हा बाप म्हणतो, "चार दिवस वावरात राह्य, मंग जाय खेळाले." त्याचं म्हणणं खोटं नसतं. म्हणून पोळ्याला सगळे घरी असतात तेव्हाच तारखांचा अंदाज सांगा. कुठल्या आठवड्यात तुम्ही नसाल, त्याच्या आधी कोणतं काम उरकून जाल, तेही सांगा. मुलींच्या घरी तर मी स्वतः जाते. कुठे राहणार, सोबत कोण, परत कधी, एवढं आईला नीट कळलं की बहुतेक वेळा होकार येतो. मुलींच्या संघासोबत महिला व्यवस्थापक असायलाच हवी. नसेल तर तसं विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि त्यात उद्धटपणा काही नाही. प्रत्येक कॉलेजात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत तक्रार समिती असते. तिच्या अध्यक्षांचं नाव आणि नंबर मुलींनी जाण्याआधी फोनमध्ये घालून ठेवावा.

आता शरीराचं, आणि इथे मला जरा जास्त बोलायचं आहे. विदर्भातल्या प्रत्येक खेळाडूने हंगामाआधी सिकलसेलची, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराची, तपासणी करून घ्यावी. आपल्या भागात हा आजार किती घरांत आहे ते तुम्हाला माहीत आहे. गावात "एएस पॅटर्न, एसएस पॅटर्न" हे शब्द आजीलाही ठाऊक असतात. एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार. ज्याला तो आहे, त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय स्पर्धेचा सराव करूच नये. एएस म्हणजे वाहक. त्याला एरवी काही त्रास नसतो, तो खेळूही शकतो, आणि म्हणूनच गाफील राहतो. उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना, विश्रांती न घेता पुन्हा पुन्हा जोरात धावलं तर वाहकाच्याही रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून स्नायूंचा रक्तपुरवठा अडवू शकतात. अमेरिकेत २००६ साली राईस विद्यापीठाचा एक फुटबॉल खेळाडू सरावात धावताना कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तो वाहक होता. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने, एनसीएएने, २०१० पासून आपल्या पहिल्या श्रेणीच्या कॉलेजांत ही तपासणी आवश्यक केली. आपल्याकडे सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली आणि सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. पण खेळाडूंपैकी किती जण स्वतःहून जातात? अहवाल फाईलमध्ये ठेवा आणि मला सांगा. वाहक आहे म्हणून मी कुणालाही संघातून काढणार नाही. फक्त त्याचा सराव हळूहळू वाढवेन, दोन धावांमध्ये पुरेशी विश्रांती देईन आणि पाय गळून गेल्यासारखे वाटले की त्याच क्षणी थांबायला सांगेन. "आळशीपणा करतो" असं त्याला सोबतच्यांनी म्हणू नये, हा माझ्या मैदानावरचा नियम आहे. मुलींनी याच फेरीत हिमोग्लोबिनही पाहून घ्यावं.

खाण्याबद्दल थोडंच. डबे विकत घेऊन पावडर खायची गरज नाही. भाकर, तुरीचं वरण, अंडी, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ, केळी आणि हंगामात संत्री, यावर आपली मुलं उत्तम खेळतात. दुकानातल्या डब्यात लेबलवर नसलेलं काय मिसळलेलं असेल हे कुणी सांगू शकत नाही. सरावाला पाण्याची स्वतःची बाटली आणा. ओआरएस नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि तसाच अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण पाठ असू द्या.

औषधांची गोष्ट मात्र गंभीर आहे. उत्तेजक म्हटलं की मुलांना वाटतं ते मोठ्या शहरातल्या मोठ्या खेळाडूंचं प्रकरण. पण बंदी असलेली द्रव्यं आपल्या गावच्या मेडिकलमध्येही सापडतात. खोकल्याच्या कित्येक सिरपांत टर्ब्युटालिन असतं, ते बंदीच्या यादीत आहे. दम्यासाठी साल्ब्युटामॉलचा पंप ठरलेल्या मर्यादेत चालतो, पण त्याचीच गोळी किंवा सिरप चालत नाही. अंगावर मांस चढावं म्हणून काही जण डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोनच्या गोळ्या घेतात. त्या स्पर्धेच्या काळात बंद आहेत, आणि एरवीही शरीराची नासाडी करतात. तापात पॅरासिटामॉल चालतं. मग सलाईन? आपल्याकडे अंगात अशक्तपणा वाटला की एक बाटली लावून घ्यायची पद्धत आहे, स्पर्धेच्या आदल्या रात्री तर हमखास. नियमाप्रमाणे १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त शिरेतून घेणं बंद आहे; रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया किंवा तपासणीसाठी वैद्यकीय गरजेने दिलेलं असेल तेवढाच अपवाद. एक बाटली ५०० मिलिलिटरची असते. २०२२ मध्ये देशात उत्तेजकविरोधी कायदा झाला आहे, आणि शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. मला माहीत नव्हतं, डॉक्टरांनी दिलं, हे सांगून सुटका होत नाही. म्हणून डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिलं वाक्य हे असू द्या : मी स्पर्धेत खेळतो, किंवा खेळते. चिठ्ठी जपून ठेवा, औषधाचं नाव नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, संकेतस्थळावर तपासून घ्या, आणि आजारासाठी बंदी असलेलं औषध खरोखरच लागत असेल तर उपचारासाठी सवलतीचा अर्ज करता येतो.

मैदानाची तयारी खेळाप्रमाणे वेगळी. आपली बरीच मुलं पोलीस भरतीसाठी धावतात, त्यामुळे पायात दम आहे. गोळ्याचं वजनही तेच, मुलांना ७.२६० आणि मुलींना ४ किलो. पण भरतीचे १६०० मीटर आणि ट्रॅकवरचे १५०० मीटर वेगळे आहेत. शेवटच्या फेरीची घंटा ऐकून वेग वाढवायची सवय मुद्दाम करावी लागते. छोट्या शर्यतींत पहिल्याच चुकीच्या सुरुवातीला खेळाडू बाद होतो. आमच्या मैदानावर शिट्टीवर पळणारी मुलं बंदुकीच्या आवाजाने बिचकतात, म्हणून शेवटचे पंधरा दिवस लाकडी क्लॅपरवर सुरुवात करायची. सिंथेटिक ट्रॅकवर स्पाईकचा खिळा ९ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही, लांब असेल तर बदलून घ्या. कबड्डी-खो-खोच्या मुलांनी मातीवर अनवाणी सराव करून थेट मॅटवर उतरू नये. मॅटचे बूट आधी घाला आणि निदान आठवडाभर त्यांत खेळा, नाहीतर पहिल्याच सामन्यात टाचा सोलतात.

प्रवासाच्या पिशवीत दोन जोड मोजे, टॉवेल, पांघरूण, डास पळवायची उदबत्ती, कात्री, चिकटपट्टी, क्रेप बँडेज आणि छातीवरचा नंबर लावायला स्वतःच्या आठ सेफ्टी पिना. पिना कमी पडल्या म्हणून मैदानाच्या कडेला रडणारी मुलगी मी पाहिली आहे. मुलींनी पॅड सोबत ठेवावेत, पाळीचे दिवस असोत वा नसोत. एसटीत महिलांना निम्मं भाडं लागतं, ते धरून पैसे काढा, आणि प्रत्येक तिकीट जपा. तिकिटाशिवाय प्रवास भत्ता कुणालाच देता येत नाही.

वागणुकीच्या अपेक्षा माझ्याकडून फार नाहीत, पण त्या पक्क्या आहेत. पंचांशी फक्त कर्णधार बोलेल. हरल्यावर हात मिळवूनच बाहेर यायचं. मुक्कामी दारू किंवा खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) दिसला तर त्याच रात्री घरी फोन जाईल आणि पुढच्या एसटीने परत. खर्र्याचं वेगळं सांगते, कारण आपल्याकडे तो व्यसनात धरतच नाहीत. मी धरते. आणि जुन्या खेळाडूंनी नव्यांकडून बूट धुऊन घेणं, पाणी भरायला लावणं, हेही बंद. महाराष्ट्रात रॅगिंगविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे, तो कॉलेजबाहेर मुक्कामालाही लागू पडतो.

परत आल्यावर तिसऱ्या दिवसाच्या आत तीन कामं. बुडालेल्या तासांच्या वह्या उतरवून घ्या. तिकिटं आणि पावत्या कार्यालयात द्या. आणि प्रमाणपत्र मिळालं असेल तर त्यावरचं नाव, खेळाचा प्रकार, स्थान, दिनांक, सही आणि शिक्का तिथल्या तिथे तपासा, कारण स्पर्धा संपल्यावर आयोजक कुठे शोधणार? राज्याच्या नोकरभरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडे करून घ्यावी लागते, आणि कुठल्या पातळीची कामगिरी कुठल्या पदासाठी चालते तेही ठरलेलं आहे. मूळ प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका, पडताळणीला मागची बाजूही पाहतात. त्याच प्लास्टिकच्या फाईलमध्ये, दहावीच्या गुणपत्रिकेच्या मागे ठेवा, आणि फाईल घरी उंदरांपासून लांब, पत्र्याच्या पेटीत.