जुन्या लाकडी किटमधून मालवाहू वाघीण बांधताना या चुका टाळा

अमेरिकेत १९५० आणि १९६० च्या दशकांत अँब्रॉइड, ला बेल यांसारख्या कंपन्यांनी काढलेली एचओ मापाची, म्हणजे खऱ्या रेल्वेच्या १:८७ प्रमाणातली, मॉडेल वाघिणींची लाकडी किटे आजही जुन्या साठ्यांतून हाती लागतात. खोक्यात खाचा पाडलेल्या बासवूड या मऊ लाकडाच्या फळ्या, छताचे व तळाचे लाकूड, तारेचे तुकडे, मऊ धातूचे ओतीव भाग आणि आराखडा एवढेच असते. पुरी झालेली वाघीण वाकडी दिसते किंवा रुळावरून घसरते, तेव्हा दोष बहुधा सुरुवातीच्या घाईत सापडतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कोऱ्या लाकडाला फक्त बाहेरून रंग देणे. रंगवलेली आणि कोरी बाजू ओलावा सारख्या प्रमाणात शोषत नाहीत, त्यामुळे फळी हळूहळू बाक घेते; मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तर हे फार लवकर घडते. म्हणून जोडणीपूर्वीच प्रत्येक फळीला दोन्ही बाजूंनी सँडिंग सीलरचा, म्हणजे लाकडाची छिद्रे बुजवणाऱ्या द्रवाचा, पातळ हात द्यावा, मात्र जिथे गोंद लागणार त्या कडा कोऱ्या ठेवाव्यात. सीलर वाळल्यावर उभे राहिलेले तंतू ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने खाचांच्या दिशेने हलकेच घासावेत. जाड थर दिल्यास खाचा बुजतात आणि लाकडी वाघिणीचे सगळे सौंदर्य त्या खाचांतच असते. पांढरा गोंदही पाण्याचाच असल्याने तो बेताने लावावा, प्रत्येक कोपरा गुण्याला लावून तपासावा आणि सांगाडा सपाट काचेवर वजनाखाली रात्रभर ठेवावा.

तळ कायमचा चिकटवण्यापूर्वी वजन भरायला विसरू नये. एनएमआरए या रेल्वे मॉडेल करणाऱ्यांच्या अमेरिकी संघटनेच्या शिफारशीनुसार एचओ वाघिणीचे वजन एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचामागे अर्धा औंस असावे. चाळीस फुटी वाघीण या मापात साडेपाच इंच भरते, म्हणजे एकूण पावणेचार औंस, सुमारे १०६ ग्रॅम. भर तळालगत आणि दोन्ही टोकांना सारखी विभागून चिकटवावी.

दोन्ही बोग्यांचे, म्हणजे वाघिणीखालच्या चार-चार चाकांच्या गाड्यांचे, स्क्रू सारखेच आवळणे हे घसरण्याचे नेहमीचे कारण आहे. एक बोगी नुसती वळेल, पण डुलणार नाही इतपत आवळावी. दुसरी थोडी सैल ठेवून तिला आडवे डुलू द्यावे. अशाने वाघीण तीन बिंदूंवर टेकते आणि असमान रुळावरही आठही चाके खाली राहतात. कपलरचा, म्हणजे वाघिणी एकमेकींना जोडणाऱ्या आकड्याचा, मध्य रुळाच्या माथ्यापासून २५/६४ इंचावर, म्हणजे जवळजवळ १० मिलिमीटरवर असावा. तो डोळ्यांच्या अंदाजाने न ठरवता मापकाने तपासावा.

हातदांड्यांची भोके टाचणीने पाडू नयेत, लाकूड उकलते. पिन व्हाइसमध्ये, म्हणजे हाताने फिरवायच्या छोट्या पकडीत, बारीक ड्रिल बिट धरून ती पाडावीत. ओतीव भागांना लाकडाचा गोंद धरत नाही, तिथे इपॉक्सी वापरावे. या धातूत शिसे असू शकते, म्हणून कानशीनंतर हात धुवावेत.

जुनी डिकल्स, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील अक्षरे, सरळ पाण्यात टाकल्यास त्यांचे तुकडे होऊ शकतात. आधी नको असलेले एक अक्षर भिजवून पाहावे; ते तडकले, तर संपूर्ण कागदावर पारदर्शक लॅकर फवारावे, वाळू द्यावे आणि मग प्रत्येक अक्षर कडेलगत कापून घ्यावे.