अमेरिकन पूर्वज शोधायचाय? नाव नंतर, आधी त्याची जमीन शोधा

हल्ली आपल्याकडे कितीतरी घरांत सून नाहीतर जावई अमेरिकन असतो, आणि मग नातवंडांच्या शाळेत फॅमिली ट्रीचा प्रोजेक्ट आला की आपल्या बाजूचा छापील कुलवृत्तांत कपाटात तयार असतो आणि तिकडच्या बाजूला "आमचे लोक व्हर्जिनियातून केंटकीत आले म्हणे" एवढ्या एका वाक्यावर सगळं अडतं. मग लोक पेड साइटवर नाव टाकतात, दहा मिनिटांत कुणीतरी बनवलेलं तयार झाड मिळतं, ते डायरेक्ट इंग्लंडच्या एखाद्या राजापर्यंत गेलेलं असतं, आणि तेच प्रिंट काढून चिकटवतात. तसलं झाड अजिबात उचलू नका, त्यात आई मुलीपेक्षा सहा वर्षांनी मोठी असे चमत्कार असतात आणि एकाने केलेली चूक पन्नास जणांनी कॉपी केलेली असते.

मी इथे केंटकीचं सांगतोय, साधारण १७७५ ते १८२० चा काळ, आणि उदाहरण म्हणून अब्राहम लिंकनचं घराणं घेतोय. प्रेसिडेंट आहे म्हणून नव्हे हं. त्याचे आजोबा आणि वडील अगदी साधे फ्रंटियरवरचे, म्हणजे नव्या वस्तीच्या सीमेवरचे शेतकरी होते, आणि त्यांचे कागद इतक्या लोकांनी उलटेपालटे करून पाहिलेत की पद्धत शिकायला यापेक्षा चांगली केस नाही. गंमत म्हणजे खुद्द लिंकनलाही आपलं घराणं नीट माहीत नव्हतं, १८४८ मध्ये काँग्रेसमध्ये असताना तो मॅसॅच्युसेट्समधल्या आणि व्हर्जिनियातल्या लिंकन आडनावाच्या लोकांना पत्रं लिहून विचारत होता की आपलं काही नातं लागतं का.

आता अडचण काय आहे ते आधी समजून घ्या. जन्म-मृत्यूचे दाखले त्या काळी नव्हतेच, केंटकीत राज्यभर नियमित नोंदणी १९११ पासून सुरू झाली. सेन्सस १७९० पासून आहे पण १८४० पर्यंत त्यात फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीचे नुसते आकडे, म्हणजे दहा वर्षांखालचे मुलगे इतके, मुली इतक्या, बास. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव पहिल्यांदा येतं ते १८५० च्या सेन्ससमध्ये, आणि कुटुंबप्रमुखाशी नातं काय हे तर १८८० पर्यंत लिहीतच नव्हते. त्यात केंटकीचे १७९० आणि १८०० चे सेन्सस हरवलेले आहेत. म्हणजे नुसतं नाव टाकून सर्च मारलं तर हाताला काही लागत नाही किंवा भलताच माणूस लागतो.

पण ही माणसं तिकडे गेलीच होती जमिनीसाठी, आणि जमीन आली की कागद आला. खरेदी, मोजणी, भांडण, वाटणी, टॅक्स सगळ्याचा कागद. आपल्याकडे सातबाऱ्यावरून मागे मागे जुने फेरफार काढत गेलं की पणजोबांचे सगळे भाऊ बाहेर येतात ना, अगदी तेच इथे करायचं.

सुरुवात मात्र आजपासून मागे करायची, उलटी नाही. आजी-आजोबांच्या कागदांवरून हळूहळू १८५० च्या सेन्ससपर्यंत या, तिथे वय आणि जन्माचं राज्य दिलेलं असतं. "जन्म व्हर्जिनिया, वय ६८" असं दिसलं की तुम्ही फ्रंटियरच्या दारात आलात.

पुढची पायरी म्हणजे काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग), आणि ही लोक हमखास गाळतात. काउंट्या सारख्या फुटत होत्या. १७८० मध्ये केंटकी भागात फक्त तीन होत्या, जेफरसन, फेयेट आणि लिंकन (या लिंकन काउंटीचा आपल्या लिंकनशी संबंध नाही), आज १२० आहेत. आणि काउंटी फुटली तरी जुनी दप्तरं जुन्याच काउंटीच्या कोर्टहाउसमध्ये राहतात. लिंकनचा जन्म १८०९ मध्ये हार्डिन काउंटीत झाला, ती जागा आज लारू काउंटीत आहे, पण लारू तयारच झाली १८४३ मध्ये, तेव्हा वडिलांची डीड (जमिनीचं खरेदीखत) लारूमध्ये शोधून काय मिळणार, कप्पाळ! न्यूबेरी लायब्ररीचा काउंटीच्या जुन्या हद्दींचा ऑनलाइन अॅटलस फुकट आहे, त्यात तारीख टाकून हद्द बघा आणि मगच कुठलंही पुस्तक उघडा.

मग टॅक्स लिस्ट. केंटकी १७९२ मध्ये राज्य झालं तेव्हापासूनच्या बहुतेक काउंट्यांच्या याद्या टिकल्यात, बहुतेक वर्षं सलग मिळतात, हरवलेल्या सेन्ससची भरपाई यांनीच होते. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर फुकट बघायला मिळतात, काही घरी बसून, काही त्यांच्या सेंटरमध्ये जाऊन. एकच वर्ष बघून सोडू नका, दहा-पंधरा वर्षं ओळीने वाचा. सोळा वर्षांवरच्या पोरांचा वेगळा रकाना असतो, पोरगा एकवीसचा झाला की स्वतःच्या नावाने उगवतो, त्यावरून जन्मसाल साधारण बांधता येतं. एखाद्या वर्षी बापाचं नाव गळालं आणि त्याच ओढ्यावरच्या जमिनीपुढे बाईचं नाव आलं तर तो वारला असं धरून त्या वर्षाच्या आसपासची कोर्टाची पुस्तकं उघडायची.

आता मुख्य मुद्दा, जमीन. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचा भाग होता आणि व्हर्जिनियाच्या १७७९ च्या कायद्याने जमीन मिळवायच्या चार पायऱ्या होत्या. वॉरंट म्हणजे अमुक एकर मिळण्याचा हक्क, एंट्री म्हणजे ही जागा मला हवी अशी नोंद, सर्व्हे म्हणजे मोजणी, आणि शेवटी पेटंट म्हणजे मालकी. जे १७७८ च्या आधी येऊन राहिले होते किंवा ज्यांनी मक्याचं पीक काढलं होतं त्यांना ४०० एकरांचा हक्क आणि शेजारची १००० एकर आधी विकत घ्यायची मुभा होती. बाकीच्यांनी पैसे भरून ट्रेझरी वॉरंट घ्यायचं. केंटकी लँड ऑफिसच्या साइटवर यातले भरपूर कागद स्कॅन केलेले आहेत, फुकट. चारही पायऱ्यांचे कागद वेगवेगळे काढा, कारण मधेच वॉरंट विकलं जायचं, माणूस मरायचा, आणि पेटंट भलत्याच्याच नावाने निघायचं, तो भलता बऱ्याचदा जावई असतो!

लिंकनच्या आजोबांचं बघा, त्यांचं नावही अब्राहमच. १७८० मध्ये १६० पौंड भरून ४०० एकरांचं वॉरंट घेतलं, आणि मोजणी झाली ७ मे १७८५ ला, जेफरसन काउंटीत लाँग रन नावाच्या ओढ्यावर. मोजणीच्या कागदावर चतुःसीमा अशी आहे की ओढ्याकाठच्या खुणा केलेल्या शुगर मेपलपासून पूर्वेला ३०० पोल, पॉप्लर आणि मेपलच्या झाडापर्यंत, तिथून उत्तरेला २१३ आणि एक तृतीयांश पोल, बीच आणि डॉगवुडच्या झाडांपर्यंत, मग पश्चिमेला पुन्हा ३००, आणि परत खाली. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट, १६० चौरस पोलांचा एक एकर, गुणाकार करून बघा, बरोबर ४०० एकर येतात. हा हिशोब प्रत्येक कागदाचा करायचाच, जुळला नाही तर समजायचं की नक्कल करणाऱ्याने एखादी ओळ खाल्ली.

आणि त्याच कागदाच्या तळाला खरा माल आहे. मोजणीची साखळी धरणाऱ्यांची नावं दिलीत, अनानाया लिंकन आणि जोसाया लिंकन, आणि खुणा करणारा म्हणून अब्राहम लिंकहॉर्न. म्हणजे एकाच कागदावर आडनाव दोन प्रकारे! कारकुनाच्या कानाला जसं आलं तसं त्याने लिहिलं, त्यामुळे "आमच्या आडनावाचं स्पेलिंग असं नाहीच" हा हट्ट सोडा आणि सगळे उच्चार टाकून शोधा. जुन्या अक्षरात डबल एस असला की पहिला एस एफसारखा दिसतो, जेसी हे नाव जेफ्सी वाचलं जातं, इंडेक्स करणाऱ्यांनी तसंच टाइप केलेलं असतं. आणि साखळी धरणारे शक्यतो घरचे नाहीतर शेजारचे असायचे, कारण जंगलात दिवसभर कोण येणार दुसरं, म्हणून ती नावं कायम लिहून ठेवा.

या कागदाला पुढे काय झालं ते तर फारच शिकण्यासारखं आहे. १७८६ च्या मे महिन्यात शेतात काम करताना नेटिव्ह लोकांच्या हल्ल्यात हे आजोबा मारले गेले. (ती जमीन काही रिकामी पडलेली नव्हती, शॉनी आणि चेरोकी लोकांचं शिकारीचं रान होतं ते, हे आपल्या झाडात एका ओळीत तरी लिहा.) तीन मुलगे होते, मॉर्डेकाय, जोसाया आणि लिंकनचे वडील थॉमस. मृत्युपत्र नाही. तर जमीन सगळी थोरल्याला, कारण थोरल्यालाच सगळं देणारा जुना कायदा व्हर्जिनियाने रद्द केला होता खरा पण नवा कायदा लागू झाला १ जानेवारी १७८७ पासून, म्हणजे आठेक महिन्यांच्या फरकाने धाकट्या थॉमसचा वाटा गेला. म्हणून कागद वाचताना त्या तारखेला कायदा काय होता हे बघावंच लागतं, नाहीतर "बापाने धाकट्याला हाकललं" असली कथा आपणच रचतो. आणि घरातल्या सामानाची किंमत लावलेली यादी जेफरसनमध्ये नाहीच, ती आहे नेल्सन काउंटीत, कारण विधवा पोरांना घेऊन त्या बाजूला गेली होती. माणूस मेला तिथे कागद मिळाला नाही तर बायको कुठे गेली ते शोधा, शेजारच्या दोन-तीन काउंट्या तरी पालथ्या घाला.

लग्नाचंही तसंच. थॉमस आणि लिंकनची आई नॅन्सी हँक्स यांच्या लग्नाची नोंद लोक हार्डिन काउंटीत शोधत राहिले, मिळेना, मग लग्न झालंच नव्हतं अशी कुजबूज सुरू झाली, आणि लिंकनच्या मृत्यूनंतर नोंद सापडली वॉशिंग्टन काउंटीत. १० जून १८०६ चा बाँड (लग्नाआधी लिहून दिलेला जामीनकागद), १२ जूनला लग्न. नोंद तिथे का, तर लग्न मुलीच्या माणसांकडे व्हायचं. बाँडवर जामीन कोण आहे बघा, इथे रिचर्ड बेरी आहे, त्याने सहीपुढे पालक असंही लिहिलंय. जामीन हा बहुधा मुलीचा बाप, भाऊ, काका यातला कोणीतरी असतो, मुलीचं माहेर शोधायचा हाच सगळ्यात सोपा रस्ता.

कोर्टाच्या पुस्तकांबद्दल दोन गोष्टी. तिथे अनाथ म्हटलं तर बाप नाही एवढाच अर्थ, आई जिवंत असू शकते. आणि सीनियर-ज्युनियर म्हणजे बाप-मुलगाच असं नाही, एका गावात एकाच नावाचे दोघे असले तर वयाने मोठा तो सीनियर, मग तो काका का असेना. वारसांमधली जमिनीची भांडणं सापडली तर लॉटरीच समजा, त्यात लग्न झालेल्या मुली, त्यांचे नवरे, कोण मिसुरीला गेलं, सगळं एका जागी येतं. वारसायादीत गुलाम म्हणून ठेवलेल्या माणसांची नावं दिसतील, पहिलं नाव आणि पुढे किंमत. वाचताना पोटात कालवतं, पण ती नावं आवर्जून उतरवून घ्या आणि आपल्या झाडासोबत टाका, कारण १८७० च्या सेन्ससआधीचा पूर्वज शोधणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांना बऱ्याचदा तेवढा एकच धागा असतो.

पूर्वज क्रांतियुद्धात (इंग्लंडविरुद्धच्या अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात) लढला असेल तर पेन्शनची फाइल बघाच. १८३२ च्या कायद्याने सहा महिने नोकरी केलेल्यालाही पेन्शन मिळू लागलं, म्हाताऱ्यांनी कोर्टात उभं राहून जन्म कुठे, कुठे कुठे राहिलो ते सांगितलंय, आणि १८३६ नंतर विधवांनी लग्नाचा पुरावा म्हणून घरच्या बायबलची पानंच फाडून जोडलीत. १७५२ च्या आधीची जन्मतारीख आली तर अकरा दिवसांचा फरक लक्षात ठेवा, केंटकीतला प्रसिद्ध वाटाड्या डॅनियल बून, त्याच्या म्हणून २२ ऑक्टोबर आणि २ नोव्हेंबर १७३४ अशा दोन तारखा दिसतात, दोन्ही बरोबर आहेत, कॅलेंडर बदललं एवढंच.

कुठेच रस्ता दिसेना तर आपल्या माणसाला सोडा आणि शेजाऱ्यांच्या मागे लागा. ही कुटुंबं एकेकटी जात नव्हती, पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीत लिंकन आणि बून एकाच भागात राहत, आजोबांच्या एका काकांचं लग्न डॅनियल बूनच्या चुलत बहिणीशी झालं होतं, आणि पुढे दोन्ही घराणी दक्षिणेला उतरत केंटकीत पोचली. डीडवरचे साक्षीदार, लगतच्या जमिनीचे मालक, टॅक्स लिस्टमधले पाच वरचे पाच खालचे, यांचा एक एक्सेल करा. घरात परत परत येणारी नावंही त्यातच टाका. मॉर्डेकाय, लीवाय, सॉलोमन ही नावं मॅसॅच्युसेट्सच्या लिंकनांतही आहेत हे खुद्द लिंकनच्या लक्षात आलं होतं, त्याला तेवढ्यावरून पुढे जाता आलं नाही पण पुढे संशोधकांनी कागद जोडून १६३७ साली मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगमला आलेल्या सॅम्युएल लिंकनपर्यंत धागा नेला. मात्र नाव सारखं म्हणजे फक्त शोधायची दिशा, पुरावा नाही. आजोबांच्या बायकोचं, बर्शिबाचं, माहेर हेरिंग असं बहुतेक सांगतात पण लग्नाची नोंद मिळालेली नाही, तर तुमच्या झाडातही अशा जागी "पुरावा नाही" असं स्पष्ट लिहा.

आता फॅमिलीसर्चवर हाताने लिहिलेल्या डीड आणि प्रोबेटच्या (मृत्युपत्र-वारशाच्या) पुस्तकांत फुल टेक्स्ट सर्च होतो, त्यात आडनावाबरोबर ओढ्याचं नाव टाकून बघा, साक्षीदार म्हणून कुठेतरी कोपऱ्यात लपलेला माणूसही वर येतो. मूळ पान मात्र उघडून वाचायचंच, मशीन लिंकहॉर्नचं काहीही करतं. आणि ऑनलाइन नसलेलं पुस्तक हवं असेल तर काउंटी क्लार्कच्या ऑफिसला छोटी मेल टाका, "आमच्या घराण्याची सगळी माहिती द्या" असं लिहिलंत तर उत्तर येणार नाही, माणसाचं नाव, स्पेलिंगचे दोन-तीन प्रकार, कुठल्या साली ते कुठल्या साली, आणि डीड बुक हवंय की मृत्युपत्राचं एवढंच लिहा आणि कॉपीचे पैसे किती ते विचारा.