ऑडिओ इंटरफेस जोडताना: आधी ड्रायव्हर, मग केबल
ऑडिओ इंटरफेस म्हणजे माइक आणि हेडफोन लॅपटॉपला जोडणारी पेटी. विंडोज असेल तर ती बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर (ती चालवणारं सॉफ्टवेअर) आधी टाकून घ्या, मगच इंटरफेस जोडा. केबल थेट लॅपटॉपच्या पोर्टला, हबमधून नको. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये कंपनीचाच एएसआयओ (आवाज कमी उशिरात पोहोचवणारा) ड्रायव्हर निवडा.

खरी मेख बफरमध्ये आहे, म्हणजे आवाजाचे बारीक तुकडे (सॅम्पल) पुढे पाठवण्याआधी जिथे साठतात तिथे. ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८,००० सॅम्पल) १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण २.७ मिलिसेकंदांचा उशीर. ५१२ ला तो १०.७ वर जातो, आणि आत-बाहेर दोन्हीकडे लागतो. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून आला की गाणारा अडखळणारच. म्हणून गाताना १२८, मिक्सिंगला ५१२ किंवा १०२४. आवाज तुटायला लागला तर बफर एक पायरी वाढवा.

कंडेन्सर माइकला वीज पुरवणारं इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण माइक जोडल्यावर, स्पीकर बंद ठेवूनच दाबा. सतत घुंऽऽ ऐकू येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा; थांबलं तर बहुधा अर्थिंगची भानगड.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पंखा बंद करवत नाही, पण टेकपुरता (रेकॉर्डिंग चालू असेपर्यंत) कराच. गाणाऱ्याच्या मागे दोन सोलापुरी चादरी टांगल्या की खोलीचा घुमारा बराच आवरतो. शेजारच्या यंत्रमागाची खडखड मात्र चादरीला दाद देत नाही. त्यासाठी कारखान्याच्या सुट्टीचा वार गाठावा.